ओठ मिटलेले, दात सुटे

आषाढातल्या शेवटच्या रविवारी सलूनमध्ये नंबर लावून बसणे हे चिकाटीचे काम असते. श्रावण पाळणारी मंडळी महिनाभर वस्तऱ्याला गालाजवळ फिरकू देत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी सगळी पेठ एकाच वेळी दाढी करून घ्यायला आलेली असते. मी श्रावण पाळत नाही, पण त्या गर्दीत सापडलो होतो खरा. तासाभराने माझी पाळी आली. गालांवर फेस चढला, मान मागे टेकली, पंख्याच्या वाऱ्याने ओला फेस गार लागू लागला आणि मी डोळे मिटून घेतले. वस्तरा उजव्या कानाखालून उतरत जबड्याच्या कोपऱ्यापाशी आला आणि थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला, पुन्हा तिथेच थांबला. मग गेली पंधरा वर्षे माझी दाढी करणारा तो माणूस वस्तरा हवेत धरून, डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझा गाल दाबत म्हणाला, “काका, दात सोडा की जरा. इथं गाठ येते, ब्लेड उडतंय.” मी दात सोडले. सोडल्यावरच कळले की ते आवळलेले होते. “नेहमीच आवळता तुम्ही,” तो पुढे म्हणाला, “मी आपला गाल ताणून घेतो. आज जरा जास्तच आहे.”

त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. माझ्या मनातून मात्र ते वाक्य आठ-दहा दिवस जाईना. पंधरा वर्षे आपण दात आवळून त्या खुर्चीत बसत होतो, दुसऱ्या माणसाला ते बोटांनी कळत होते, आणि ज्याचे दात त्याला मात्र पत्ता नव्हता, ही गोष्ट मला काहीशी अपमानास्पद वाटली.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आहे. दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका शोधण्यावर माझे घर चालते. पुण्यात या कामाला हंगाम असतो. आषाढ सरता सरता दिवाळी अंकांची मुद्रिते येऊ लागतात आणि नवरात्र उलटेपर्यंत टेबलावर कागदांची चळत उतरत नाही. याच हंगामात माझे डोकेही दुखते. दुपारी चारच्या सुमारास दोन्ही कानशिलांवर कोणीतरी अंगठे टेकवल्यासारखे वाटू लागते. त्यात ठणका नसतो, नुसता दाब असतो. सहापर्यंत तो दाब भुवयांच्या वरून फिरत कपाळभर होतो, आणि रात्री जेवायला बसावे तर कानाच्या आतही काही बोचते आहे असा भास होतो. उजेडाचा त्रास होत नाही, उलटी होत नाही, काम थांबत नाही. कामातला आनंद तेवढा थांबतो. या दुखण्याला मी वीस वर्षांत वेगवेगळी नावे दिली. पहिल्यांदा चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. मग ते सायनस ठरले आणि दोन पावसाळे मी वाफारे घेतले. मग पित्त ठरले, कारण आपल्याकडे कोणत्याही डोकेदुखीची शेवटची पायरी पित्त हीच असते. ज्याचे कारण सापडत नाही ते पित्तावर ढकलून सकाळी आवळ्याचा रस प्यावा, असा आपला प्रघात आहे. आवळ्याच्या रसाने माझे काही बिघडले नाही, आणि काही सुधारलेही नाही. ‘ऑक्टोबर हीट’ हे कारणही मी तीन-चार वर्षे मनापासून मानले होते.

आईचेही डोके दुखायचे. तिचे दुखणे माझ्यापेक्षा खूप मोठे होते. ती माजघरातली खिडकी लावून घेई, पांढरे फडके कपाळाभोवती इतके आवळून बांधे की सोडल्यावर कातडीवर त्याचे वळ उमटलेले दिसत, आणि सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा लेप वाळून तिच्या कानशिलांवर तडे जात. लेपाला पर्याय म्हणजे अमृतांजन. १८९३ साली मुंबईत निघालेल्या त्या बामाची बाटली आमच्या घरात देवाच्या फळीवरच असे, कुंकवाच्या करंड्याशेजारी. त्याचा वास आला की आम्ही भावंडे आपसूक हळू बोलू लागत असू. आजही तो वास आला की माझा आवाज उतरतो. वडील म्हणत, “तिला पित्ताचा त्रास आहे.” आजी म्हणे, “तिला त्रासून घ्यायची सवय आहे.” आणि आई काहीच म्हणत नसे. तिच्याबद्दलची आणखी एक आठवण आम्हांला त्या काळी डोकेदुखीशी जोडावीशी वाटली नव्हती: भाकरीचा कडक पापुद्रा चावताना तिच्या डाव्या कानाजवळ ‘कट्’ असा आवाज येई. पंगतीत शेजारी बसले तर स्पष्ट ऐकू येई. आम्ही पोरे त्यावर हसत असू आणि मोजत असू. एका भाकरीला किती कट्, याच्या पैजा लागत. आईही हसे, आणि हसताना हात गालाला लावी. तो हात लाजेने जातो, असे मला वाटायचे.

सलूनमधल्या त्या प्रकारानंतर मी आरशासमोर उभा राहून प्रथमच स्वतःचा जबडा पाहिला. दात दाबले की कानाखाली एक लांबट उंचवटा उठतो, आणि त्याच क्षणी कानशिलावर, केसांच्या आत, कातडी हलते. दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर ठेवून दात दाबून पाहा. तिथे एक पंख्यासारखा पसरलेला स्नायू बोटांखाली फुगतो. मला तो तोवर ठाऊक नव्हता. कानशील हे डोक्याचे अंग, तिथे दुखले म्हणजे डोके दुखले, एवढेच मी धरून चाललो होतो. त्या जागी खालच्या जबड्याला वर ओढणारा दोर बांधलेला आहे आणि मी तो दिवसभर ओढून धरतो, हे मला एका वस्तऱ्याने सांगितले.

तरीही मी थेट दातांच्या डॉक्टरकडे गेलो नाही, आणि ते बरेच झाले. आमच्या नेहमीच्या फिजिशियनने ऐकून घेतले आणि सगळ्यांत आधी मला माझे वय विचारले. एक्कावन्न. मग विचारले, “चावता चावता जबडा दमतो का? दोन घास खाल्ले की थांबावंसं वाटतं का? केस विंचरताना कानशील दुखतं का? एका डोळ्यापुढं अंधारी आली होती का?” मला वाटले, हे उगाच भीती घालतात. पण पन्नाशी उलटल्यावर नव्याने सुरू झालेली किंवा बदललेली कानशिलाची डोकेदुखी आणि चावताना दमणारा जबडा हे दोन्ही एकत्र आले, तर ते ‘जायंट सेल आर्टेरायटिस’ या रक्तवाहिनीच्या आजाराचे लक्षण असू शकते, आणि त्यावर वेळेत स्टेरॉइड सुरू झाले नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. रक्तातून शरीरातला दाह कळणारी ईएसआर ही तपासणी केली, ती ठीक निघाली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि तो मला जास्त लागला: महिन्यातले किती दिवस गोळी घेता? मी बोटांवर मोजू लागलो आणि सोळावर थांबलो. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातले पंधरा दिवस किंवा अधिक, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की गोळीच डोकेदुखी वाढवू लागते, हे त्यांनी शांतपणे सांगितले. म्हणजे ज्या गोळीला मी दिवाळी अंकांचा खर्च समजत होतो, ती माझ्या दुखण्यात व्याज भरत होती.

त्यांनी ज्या दंतवैद्य बाईंकडे पाठवले त्या जबड्याच्या सांध्याचे आणि चेहऱ्याच्या दुखण्याचेच काम करतात. बाहेर बाकावर माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा बसला होता. त्याची आई त्याला केळे कुस्करून चमच्याने भरवत होती आणि चमचाही आडवा जात नव्हता, उभा करून सरकवावा लागत होता. मला वाटले, याचाही सांधाच अडकला असावा. पण त्याचे प्रकरण वेगळे होते. गुटख्यातल्या सुपारीने गालांच्या आतली कातडी आखडून तिचे चामडे झाले होते. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली, म्हणजे तो मुलगा तेव्हा शाळेत असेल. तरीही त्याच्या तोंडात जेमतेम एक बोट जात होते. त्याच्यासमोर माझी डोकेदुखी घेऊन बसणे मला संकोचाचे वाटू लागले. आत गेल्यावर बाईंनी मला माझीच तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगितली, मग पट्टीने मोजले: बेचाळीस मिलिमीटर. “चाळीसच्या वर म्हणजे उघडतंय छान,” त्या म्हणाल्या. त्यांनी जिभेच्या कडा पाहिल्या. तिथे दातांच्या कमानी उमटल्या होत्या, करंजीला मुरड घातल्यासारख्या. गालांच्या आत दातांच्या ओळीत एक पांढरी रेघ होती. दाढांची शिखरे घासून सपाट झाली होती.

मग त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही कानशिलांवर बोटे टेकवून दाबू लागल्या. एका जागी दुखले, मी सांगितले. “दुखलं हे कळलं,” त्या म्हणाल्या, “पण हे *तुमचं* दुखणं आहे का? चार वाजता येतं ते?”

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. त्यांनी बोट अर्धा इंच पुढे सरकवले, दाब तसाच ठेवला, आणि साधारण पाच सेकंदांनी ते आले. सकाळचे साडेदहा वाजले होते, समोर मुद्रिते नव्हती, ऑक्टोबर नव्हता, आणि तरी तेच अंगठे, तोच दाब, भुवईवरून कपाळाकडे निघालेली तीच वाट. गर्दीत कोणी मागून हाक मारावी आणि वळण्याआधीच माणूस ओळखू यावा, तसे मी ते ओळखले. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि ते दुखण्याचे नव्हते. वीस वर्षे जे माझ्या मर्जीविरुद्ध येत-जात होते, ते कोणीतरी बोटाने बोलावून दाखवले होते. बाईंना मात्र यात काही विशेष वाटले नाही. जबड्यामुळे होणारी डोकेदुखी ठरवताना हीच कसोटी लावतात, असे त्यांनी सांगितले: दाबल्यावर किंवा जबडा हलवल्यावर नुसते दुखून भागत नाही, रुग्णाला आपली नेहमीची डोकेदुखी ओळखीची वाटली पाहिजे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाच्या २०१८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत या डोकेदुखीला स्वतंत्र घर दिलेले आहे. पित्ताला तिथे घर नाही, हे मी नंतर मुद्दाम पाहून घेतले.

सांधा कानाच्या अगदी पुढे आहे. तिथे करंगळी ठेवून तोंड उघडले की हाडाची गोळी आधी जागच्या जागी फिरते आणि मग पुढे घसरते. बिजागरी आणि खणाची सरक, दोन्ही एकाच जागी. मध्ये चिवट तंतूंची एक चकती असते. ती पुढे निसटलेली असली आणि तोंड उघडताना पुन्हा जागेवर आली की ‘कट्’ वाजते. दुखत नसेल तर या आवाजावर काही उपाय करू नये, असे बाईंनी दोनदा बजावले; वाजणारे जबडे पुष्कळ असतात आणि ते आयुष्यभर बिनबोभाट वाजत राहतात. खालचा जबडा एकच हाड असल्यामुळे डावा सांधा उजव्याला सोडून काही करू शकत नाही. माझ्या बाबतीत सांध्यापेक्षा स्नायूंचीच तक्रार जास्त होती. पण जबड्याचे दुखणे कपाळात का जाते, हे मला नीट समजले ते वाड्याच्या उदाहरणाने, आणि ते उदाहरण माझे आहे, बाईंचे नाही. आमच्या जुन्या वाड्यात चौदा बिऱ्हाडे होती आणि दिंडी दरवाजात पत्रांची पेटी एकच. चेहरा, दात, जबड्याचा सांधा, चावण्याचे स्नायू, इतकेच काय मेंदूवरचे आवरणही, या सगळ्यांची टपाले एकाच पाचव्या चेतेतून जातात. तिच्या तीन शाखा आहेत म्हणून तिला ‘ट्रायजेमिनल’, म्हणजे तिळी, म्हणतात. मानेच्या वरच्या भागातून येणारे निरोपही मेंदूच्या देठाशी त्याच पेटीत पडतात. वाटणाऱ्याने पत्ता चुकीचा वाचला तर जबड्याचे पत्र कपाळाच्या दारात पडते. आमच्या वाड्यात असे फार वेळा होई आणि त्यावरून भांडणेही होत.

कान आणि जबडा यांचे नाते तर याहून जुने आहे. शाळेत आपण कानातल्या तीन हाडांची नावे घोकली: हातोडी, ऐरण, रिकीब. त्यांतली हातोडी आणि ऐरण ही सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये जबड्याच्या सांध्याची हाडे असतात, हे कार्ल रायशर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये गर्भांचा अभ्यास करून दाखवले होते. सस्तन प्राणी घडताना जबड्याने स्वतःसाठी नवा सांधा केला आणि जुना सांधा बारीक होत होत कानाच्या आत ऐकण्याच्या कामाला लागला. चावताना वाजणारे ते ‘कट्’ आपण ज्या हाडांनी ऐकतो, ती एके काळी स्वतःच चावत होती. यातून माझ्या कानाच्या बोचण्याचे स्पष्टीकरण मिळते असे मला म्हणायचे नाही. पण ही गोष्ट वाचल्यापासून रात्री उशीवर कूस बदलताना मला ती आठवते आणि आपल्या डोक्यात इतक्या जुन्या घराची बिऱ्हाडे नांदत आहेत याची गंमत वाटते.

हे दुखणे वैद्यकाला नवे नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइसमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये अकरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती. कान दुखणे, कानात आवाज येणे, चक्कर, सायनससारखी डोकेदुखी, आणि तपासावे तर कान-नाकात काही नाही. कॉस्टेन यांची बोटे योग्य जागी पोहोचली होती, पण कारण त्यांनी चुकीचे सांगितले. दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि सांध्याचे हाड मागच्या चेतांवर दाबते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी तसा दाब पडण्याची शक्यता खोडून काढली. मात्र ‘दात बरोबर मिटवले की डोके दुखायचे थांबेल’ ही समजूत मागे उरली आणि तिच्यापायी बरीच वर्षे चांगले दात कानसून कमी करण्यात आले. १९८० च्या दशकात तर अमेरिकेत निसटलेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनचा लेप असलेले तुकडे बसवण्यात आले. चावण्याच्या दाबाने ते झिजले, त्यांच्या कणांवर शरीर तुटून पडले आणि त्यात आजूबाजूचे हाड खाल्ले गेले. १९९० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा द्यावा लागला. मी हे वाचले त्या रात्री गोळी न घेता झोपलो. निदान न होण्याची चीड माझ्या मनात होतीच, पण वेळेआधी आणि खात्रीने झालेल्या निदानाने काय होते, तेही त्यात दिसत होते. माझ्या बाईंनी मला शस्त्रक्रिया, दात कानसणे, तारा बसवणे यांतले काही सुचवले नाही याचे महत्त्व मला तेव्हा कळले.

त्यांनी मला दिल्या त्या टिकल्या.

दिल्या म्हणजे सांगितल्या. “घरी टिकल्यांचं पाकीट असेलच,” त्या म्हणाल्या, “जिथं जिथं नजर जाते तिथं एकेक चिकटवा. टिकली दिसली की एवढंच बघायचं: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला टेकलेली.” निरोगी माणसाचे दात विश्रांतीत एकमेकांना लागत नाहीत, ओठ मिटलेले असले तरी आत दोन-चार मिलिमीटरची फट असते, आणि खाणेगिळणे धरून दिवसभरात दातांची गाठ पडते ती सगळी मिळून काही मिनिटांची. मी हे ऐकून थक्क झालो. तोंड मिटणे म्हणजे दात मिटणे, अशी माझी समजूत होती. लहानपणी ‘तोंड मिटून बस’ म्हटले की आम्ही दातांसकट मिटत असू. बायकोने विनातक्रार मरून टिकल्यांचे अख्खे पाकीट दिले. मी संगणकाच्या कडेला, टेबलदिव्यावर, नळावर, फ्रिजच्या दांडीवर आणि मनगटी घड्याळाच्या काचेवर त्या लावल्या आणि शेजारी वही ठेवली. पहिल्या दिवशी टिकली अडतीस वेळा दिसली. त्यांतल्या एकतीस वेळा माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. दोनदा तर ते सुटताना माझ्या तोंडून हुंकार निघाला.

माझ्या एका मित्राला हे सांगितले तेव्हा त्याने लगेच अर्थ काढला. “तू कधी भांडत नाहीस ना, ते सगळं तिथं जाऊन बसलंय,” तो म्हणाला. आपल्या भाषेने त्याला मदतच केली आहे. राग आला की आपण दात-ओठ खातो, भीतीने आपली दातखीळ बसते, आणि ज्याला बोलण्याची सोय नाही त्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार मिळतो. इतके सगळे आधीच जबड्यात साठवून ठेवलेल्या भाषेत राहून, माझ्या दुखण्याचा अर्थ ‘न बोललेले शब्द’ असा लावायचा मोह मलाही झाला. लेख लिहायला तो फार सोयीचा अर्थ होता. अडचण एवढीच झाली की वही ते सांगेना. त्याच महिन्यात गावच्या घराच्या वाटणीची बैठक होती. तीन तास आम्ही भावंडे एकमेकांशी नको तितक्या सभ्यपणे बोललो, आणि मी तर जवळजवळ बोललोच नाही. घड्याळ पाहण्याच्या निमित्ताने टिकली सात वेळा दिसली. सातांतले पाच वेळा दात सुटे होते. आणि दुसऱ्या दिवशी, एका निरुपद्रवी प्रवासवर्णनाच्या तळटिपांमधले ऱ्हस्व-दीर्घ तपासताना, चौदांपैकी चौदा वेळा आवळलेले. म्हणजे माझा जबडा भावाच्या बोलण्याने आवळत नव्हता, दुसऱ्या वेलांटीने आवळत होता. बाईंना मी हा निष्कर्ष काहीशा निराशेने सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मनाचा ताण असतोच, पण झोप, बसण्याची तऱ्हा, आनुवंशिकता, शरीरातली इतर दुखणी, एकाग्रतेची सवय, असे पुष्कळ धागे यात असतात आणि एकच धागा ओढून सगळी गाठ सुटत नाही. दुखण्याला कथा असलीच पाहिजे ही लिहित्यावाचत्या माणसांची हौस आहे, हे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. ते माझे मी समजून घेतले.

रात्रीचा हिशेब वहीत येत नव्हता, तो बायकोकडे होता. “अहो, तुम्ही दात खाता हे मी लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं,” ती म्हणाली, “तेव्हा तुमच्या आईंनी जंताचं औषध द्यायला सांगितलं.” झोपेत दात खाणाऱ्या पोराच्या पोटात जंत असतात, हे आपल्याकडे इतके पक्के आहे की ते अठ्ठावीस वर्षांच्या नवरदेवालाही लागू करण्यात आले होते. औषध मी घेतलेही असणार. आता माझ्या दातांचा साचा घेतला गेला. गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात धरून तीन मिनिटे नाकाने श्वास घेताना मला मुद्रणाच्या मातृकांची, म्हणजे खिळे ओतायच्या साच्यांची, आठवण झाली. आठवड्याने रात्री दातांवर चढवायचा कडक पारदर्शक नाइट गार्ड आला. तो दात खाणे थांबवतोच असे नाही, दातांऐवजी तो झिजतो, हे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. पहिले चार दिवस लाळ सुटून उशी ओली होई. पाचव्या दिवशी सकाळी मी तो काढून विसळला आणि उजेडात धरला, तेव्हा त्यावर चार-पाच बारीक ओरखडे दिसले. आपण झोपेत काय करत होतो याचा तो पहिला लेखी पुरावा. चार महिन्यांत त्यावर इतके ओरखडे झाले की आता ते मला कोणीतरी घाईत केलेल्या दुरुस्त्यांसारखे दिसतात.

बाकी उपाय इतके साधे होते की फी देताना हात अडखळावा. दोन्ही गालांना आणि कानशिलांना दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे ओला शेक. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ. खांदा आणि कान यांच्यात फोन धरायचा नाही. चिक्की, ऊस, मक्याचे कणीस काही आठवडे बंद. मी कबूल केले आणि संक्रांतीला दोन वेळा मोडले. गोळ्यांचे दिवस महिन्यातून सोळांवरून पाचांवर आणताना पहिले तीन आठवडे डोके पूर्वीपेक्षा जास्त दुखले, तेव्हा हे सगळे थोतांड आहे असे मी घरात मोठ्याने म्हणालो होतो. फेब्रुवारीच्या सुमारास एका दुपारी घड्याळात पाच वाजून गेलेले दिसले आणि अंगठे आलेले नव्हते. डोकेदुखी संपली असे मी म्हणणार नाही. ती येते, पण येताना आता मला ती कुठल्या दाराने येते ते दिसते.

आईचे काय होते, हे मला कधीच कळणार नाही. काळोख लागणारी, उलटीपर्यंत जाणारी तिची डोकेदुखी अर्धशिशीच असावी, असे बाईंना वाटते; एकाच माणसात दोन्ही असू शकतात आणि एकीमुळे दुसरी चिघळू शकते, असेही त्या म्हणाल्या. पण ते ‘कट्’ आणि गालाला जाणारा तो हात मला स्वस्थ बसू देत नाही. लाजेने जात होता की आधाराला जात होता? आम्ही मोजत होतो तेव्हा तिला दुखत होते का? ती हसताना तोंड पूर्ण उघडत नसे, हे मला आता जुन्या फोटोंत दिसते, आणि ते मला आता दिसते म्हणून खरेच तसे होते का, याचीही खात्री देता येत नाही. बहिणीला विचारले. ती म्हणाली, “आई भाकरी दुधात कुस्करून खायची की शेवटी शेवटी.” आम्हांला वाटले होते, वय झाले म्हणून.

मागच्या महिन्यात पुन्हा सलूनमध्ये गेलो. गर्दी नव्हती. फेस लावून झाल्यावर मी दात सुटे ठेवले, जीभ टाळूला टेकवली आणि परीक्षेला बसल्यासारखा वाट पाहू लागलो. वस्तरा उजव्या कानाखालून उतरला, जबड्याचा कोपरा ओलांडून हनुवटीपर्यंत न अडखळता गेला. त्याने काहीच म्हटले नाही. मला थोडे वाईट वाटले, म्हणून मीच विषय काढला. डॉक्टर, टिकल्या, रात्रीचा गार्ड, सगळे सांगितले. “बघा,” तो म्हणाला, “मी म्हटलोच होतो. पंचवीस वर्षं गालच बघतोय.” मग त्याने माझी हनुवटी वर केली, कातडी अंगठ्याने ताणली आणि गळ्यावरच्या घाटीपाशी, जिथे हात जपून चालवावा लागतो, तिथे तो वाकला. समोरच्या आरशात त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या वर दिसत होता. त्याच्या कानाखाली लांबट उंचवटा उठला होता, आणि कानशिलावर केसांच्या कडेला कातडी हलत होती. दिवसाला किती दाढ्या होत असतील, असा हिशेब माझ्या मनात आला. पण वस्तरा गळ्यावर होता, म्हणून मी तो उचलला जाईपर्यंत थांबलो.